आधी चार घास, मग मोजणी

एका जंगलात, बाळांनो, एक नदी होती.

बाळांनो म्हटलं म्हणून रागावू नका. तुमच्यातले काही जण साठीच्या पुढचे आहेत, ते दिसतंय मला. पण गोष्ट ऐकताना सगळेच बाळ असतात. मांडी घाला. मध्येच "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणायचं नाही. ज्याला म्हणायचंच असेल त्याने नदीकाठी जाऊन म्हणावं. बेडूक ऐकून घेतात.

तर नदी. नदीच्या अलीकडे ऐलरान आणि पलीकडे पैलरान.

ऐलरानात झाडं वाटेल तिथे उगवायची. जांभळीच्या अंगावर वेल, वेलाच्या अंगावर दुसरा वेल, आणि त्या सगळ्यावर कुणाचा तरी मामा बसलेला. पाहुणे कधीही यायचे. आले की जायचे नाहीत.

पैलरानात झाडं रांगेत उगवायची. फळं ठरलेल्या दिवशी पडायची. कुणाकडे जायचं तर खूप आधी कळवावं लागायचं. गेलं की पाणी मिळायचं. नुसतं पाणी.

तरीही ऐलरानातल्या प्रत्येक आईबापाला वाटायचं, आपलं पिल्लू पैलरानात जावं. का? कारण शेजाऱ्याचं गेलं होतं.

लवंगी अशीच गेली होती. लवंगी म्हणजे एक शेकरू. शेकरू म्हणजे तांबूस पाठीची, झुबकेदार शेपटीची मोठी खार. शेंड्यावर राहते. जमिनीवर पाय ठेवणं तिला कमीपणाचं वाटतं.

पैलरानात म्हातारी कासवं फार. कासवांना दात नसतात, आणि त्यांची पिल्लं दूरच्या तळ्यांवर फार कामात असतात. मग त्या म्हाताऱ्यांना भरवायचं कुणी? ऐलरानातून आलेल्या मुलींनी. लवंगी फणसाच्या आठळ्या कुरतडून बारीक करायची, कासवांना भरवायची, त्यांच्या पाठीवरचं शेवाळ घासायची. कासवं तिला प्रेमाने "पोरी" म्हणायची. तिचं नाव त्यांच्या लक्षात राहायचं नाही.

या कामाबद्दल तिला रोज मूठभर आठळ्या मिळायच्या. दोन्ही रानांत आठळी हेच नाणं आणि आठळी हेच जेवण. त्यामुळे श्रीमंत व्हायचं तर उपाशी राहावं लागायचं. पैलरानात ते सगळ्यांना जमायचं.

एकदा लवंगी सुट्टीत घरी आली. झाडावर चढायच्या आधीच पहिल्या फांदीवरची मावशी म्हणाली, "लग्नाचं काय?" दुसऱ्या फांदीवरून काका म्हणाले, "वय चाललंय." शेंड्यापर्यंत पोचेस्तोवर तिचं वय अख्ख्या झाडाला ठाऊक झालं होतं.

लवंगी चिडून झाडावरून उतरली आणि सरळ कातळावर जाऊन बसली. तिथे एक शेकरू तापलेल्या दगडावर आठळ्या भाजत होतं. त्याचं नाव झुबक्या. उन्हं कलतात तसा तो एकेक आठळी सरकवत होता, करपू देत नव्हता.

"लग्न झालंय तुझं?" लवंगीने विचारलं.

"नाही."

"लोक विचारतात का?"

"विचारतात. मी त्यांच्या तोंडात गरम आठळी देतो."

लवंगीने तिथेच ठरवलं. ऐलरानातले म्हातारे अजूनही सांगतात की हे लग्न त्यांनी जुळवलं.

"साधं करू," लवंगी म्हणाली. "जवळचे चार जण बोलवू."

झुबक्याचे वडील, आबा, यांना हा शब्द लागला. "चार जण? आमचे नुसते मधमाश्यांशीच संबंध किती आहेत! एकीला बोलवून दुसरीला कसं वगळणार?"

"मग लोकांनी खाल्लं की आमच्यासाठी काय उरणार, आबा?"

"आशीर्वाद," आबा म्हणाले.

अख्खं रान जेवलं. लग्नानंतर दोन्ही घरच्या ढोल्या इतक्या रिकाम्या झाल्या की बोललं तर आवाज घुमायचा. झुबक्याची आई, म्हणजे माई, मात्र खूश होती. "नावं ठेवायला जागा नाही ठेवली हो कुणाला." नावं लोकांनी ठेवलीच. मधात मेण जास्त होतं म्हणाले.

चांदणं भरलं, सुट्टी संपली. लवंगी आणि झुबक्या दोघं नदीवर आले. नदीवर एक मोठं झाड आडवं पडलेलं होतं. तोच पूल. पैलकडच्या टोकाला वटवाघळांचा पहारा. वटवाघळं उलटी लटकतात, त्यामुळे येणारा प्रत्येक जण त्यांना उलटाच दिसतो.

"पान?" वटवाघूळ म्हणालं.

पैलरानात शिरायला परवानगीचं पान लागतं. लवंगीने आपलं कामाचं पान दाखवलं.

"आणि याचं?"

"हा माझा नवरा आहे."

"नवरा हे पान नाही."

मग वटवाघळाने नियम सांगितला. ज्याला जोडीदार आणायचा, त्याने जोडीदार-पान मागायचं. त्यासाठी मागणाऱ्याच्या नावाची आठळ्यांची रास हवी. ती रास ठरवलेल्या रेघेपर्यंत भरायला हवी. आणि अख्खा एक ऋतू रेघेखाली जाता कामा नये.

"माझी कमाई आम्हाला पुरते," लवंगी म्हणाली. "हाही हातपाय हलवणारा आहे."

"पुरते का, असं आम्ही विचारलंच नाही. रेघेपर्यंत जाते का, ते सांगा."

"रेघ कुणी ठरवली?"

"जे रेघेच्या वर आहेत त्यांनी."

"अहो, तुमच्याच म्हाताऱ्यांना मी भरवते! मला मूठभर आठळ्या देता तुम्हीच, आणि कमी पडतात म्हणताही तुम्हीच. मूठ मोठी करा की!"

"मुठीचं काम दुसरं वटवाघूळ बघतं," वटवाघूळ म्हणालं आणि त्याने डोळे मिटले.

लवंगी एकटीच पलीकडे गेली. झुबक्या पुलाच्या मधोमध उभा राहून तिची शेपटी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. मग आणखी थोडा वेळ नुसताच.

घरी कळल्यावर आबांनी सरड्याला बोलावलं. आबांच्या मते ओळखीशिवाय केलेलं काम हे कामच नव्हे, आणि सरडा ओळखीचा होता. परवानग्या मिळवून देण्याचा त्याचा धंदा होता. ज्या रानाची परवानगी हवी त्या रानाचा रंग तो घ्यायचा.

"सोप्पं आहे," सरडा म्हणाला. "रास इकडे ठेवली तरी चालते. नाव लवंगीचं लावा, भर सगळ्यांनी घाला. ऋतू संपला की पैलरानातले साहेब येऊन मोजतील. फक्त मधल्या काळात कुणी हात लावायचा नाही." एवढं सांगून त्याने तीन माश्या गिळल्या. ती त्याची फी.

आता एक गोष्ट मला सांगायलाच हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल गोष्ट सांगणारी पोरगी एकतर्फी बोलते. त्या ऋतूत म्हाताऱ्यांनी कमाल केली. पै-पाहुण्यांकडून आठळ्या जमवल्या. घरातली शेवटची आठळीही राशीत टाकली. स्वतः कडू साल चावली. माई रोज राशीवर शेपटी पसरून झोपायची. माकडं आली तर दात विचकून हाकलायची. ज्यांनी आठळ्या दिल्या होत्या ते नातेवाईक अधूनमधून येऊन आपापल्या आठळ्या ओळखून जायचे. "ती डाग असलेली आमची बरं का." पण हात कुणी लावला नाही.

ऋतू सरला. रास रेघेच्या दोन बोटं वर होती.

मोजणीच्या दिवशी लवंगी सुट्टी काढून आली. साहेबांना झाडावर चढता येत नाही असं कळलं होतं, म्हणून रास बुंध्याशी, मुळांच्या पोकळीत रचली होती. एरवी जमिनीवर न उतरणारं ते अख्खं खानदान शेपट्या विंचरून खाली उतरलं आणि ओळीने उभं राहिलं.

साहेब आले. साळिंदर होते. अंगावर लेखण्याच लेखण्या. हातात मोजायची वेल.

"रास कुठे आहे?" साहेब म्हणाले. पैलरानात नमस्कार करायची पद्धत नाही.

"ही इथे, साहेब," लवंगी पटकन पुढे झाली. "मोजा."

"अगं, थांब!" माई म्हणाली. "आल्या आल्या काय मोजा? उन्हातून आलेत ते. साहेब, बसा. काय घेणार?"

"आम्ही कामावर असताना काही घेत नाही."

"मग काम नंतर करा."

साहेब चक्क बसले. पैलरानात असं कुणी बोललं नव्हतं.

लवंगीने माईला बाजूला ओढलं. "माई, आधी मोजू द्या ना. वेल लावायला कितीसा वेळ लागतो? मग हवं ते खाऊ घाला."

"दारात आलेल्याला आधी मोजायला बसवू? आपण काय सावकार आहोत?"

"पण घरात राशीशिवाय आहे काय खायला?"

"तेच म्हणते मी. राशीतलंच द्यावं लागणार. पाहुण्याला साल देऊ?"

"देऊ नका काही! त्यांच्याकडे पाणीच देतात."

"त्यांच्याकडे देत असतील. आपल्याला आपल्या वळणाने जायला हवं. आणि तू जरा हळू बोल. मोठ्यांमध्ये बोलतेस, नवऱ्याला अरे-तुरे करतेस, साहेब काय म्हणतील?"

आबांनी घसा साफ केला. घसा साफ करून आबा जे बोलतात ते त्या घरात शेवटचं असतं. "आधी चार घास, मग मोजणी. रास काय पळून जाते?"

रास पळून जात नाही, बाळांनो. रास पोटात जाते.

झुबक्याने आठळ्या भाजल्या. काय भाजल्या! वरचं साल तडकलेलं, आतून पिवळसर, वाफाळ. साहेबांनी एक खाल्ली. साहेबांच्या पाठीवरच्या सगळ्या लेखण्या हळूच आडव्या झाल्या.

"एकटी वाढत नाहीत साहेब, जोडी घ्या," माई म्हणाली.

साहेबांनी जोडी घेतली.

"आता माझ्या हातची."

साहेबांनी ती घेतली.

"आता यांच्या हातची घेतली नाहीत तर यांना वाईट वाटेल."

आबांच्या हातची घेतली. मग मावशीच्या. मग काकांच्या. मग "माझी शपथ" म्हणून एक पसा. साहेब "पुरे" म्हणत होते. पण पुरे हा शब्द ऐलरानात वाढणाऱ्याला ऐकूच येत नाही, आणि साहेबही तो तोंड भरलेलं असतानाच म्हणत होते.

"साहेब, मोजणी..." लवंगी म्हणाली.

"खाणाऱ्याला टोकू नये," मावशी म्हणाली.

"फार उत्तम," साहेब म्हणाले. "फारच उत्तम बेत."

"कसलं काय हो!" माई लाजली. "गरिबाघरचं गोड मानून घ्या. आमच्याकडे काय आहे? जेमतेम चाललंय."

साहेबांनी पाठीवरची एक लेखणी उपसली आणि पानावर लिहिलं.

"काय लिहिलंत?" लवंगीने मान लांब केली.

"'कुटुंब गरीब. स्वतःच कबूल.'"

"अहो, ती बोलायची पद्धत आहे! आमच्याकडे हत्तीसुद्धा म्हणतो, जेमतेम चाललंय!"

"पद्धतीसाठी इथे जागा नाही," साहेब म्हणाले. पान खरंच फार लहान होतं.

साहेब उठले. वेल उलगडली. लवंगी वाकून बघू लागली. रास अजून रेघेला टेकून होती. नेमकी टेकून. तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

तेवढ्यात माईने विचारलं, "घरी कोण कोण असतं, साहेब?"

"बायको. दोन पिल्लं."

"अगबाई! आणि तुम्ही रिकाम्या हाताने जाणार? पहिल्यांदाच आलात आमच्याकडे!"

"माई!" लवंगी ओरडली.

पण माईने ओंजळी भरल्या होत्या. एक वहिनींची ओटी म्हणून. एकेक पिल्लांसाठी. आणि एक वाटेत भूक लागली तर. झुबक्याने त्याही भाजून दिल्या, पानात बांधल्या, वर देठाची गाठ मारली.

मग साहेबांनी रास मोजली.

रेघ उघडी पडली होती. चांगली पंजाभर.

"वाईट वाटतं," साहेब म्हणाले आणि त्यांना ढेकर आली. "रास कमी भरते. जोडीदार-पान मिळणार नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा एक ऋतू."

"ती कमी कशामुळे झाली ते तुम्हाला माहीत आहे!" लवंगीची शेपटी फुलली होती. "उरलेली तुमच्या पोटात आहे. तिथे वेल लावा!"

"पोट साहेबांचं आहे. रास अर्जदाराची." साहेबांनी पुडकं काखोटीला मारलं. "शिवाय मी माझं मत लिहिलंय. या कुटुंबाला साठवता येत नाही, वाटता येतं. असा जोडीदार पैलरानात आला तर तिथेही वाटत बसेल. लोकांना सवय लागेल."

साहेब गेले. माई त्यांना पुलापर्यंत सोडायला गेली. पद्धत आहे.

परत आल्यावर माई म्हणाली, "किती आवडीने खाल्लं नाही?"

मग लवंगी जे बोलली ते लहान मुलांच्या गोष्टीत बसत नाही. थोडक्यात सांगते. ती म्हणाली की तुम्ही अख्खा ऋतू साल चावलीत आणि एका दुपारी ते सगळं वाढून मोकळ्या झालात. तुमच्या पद्धती तुम्हाला पोरांपेक्षा प्याऱ्या आहेत. यावर मावशी रडली, आबा म्हणाले आमच्या वेळी सुना असं बोलत नव्हत्या, आणि माई खाली सांडलेल्या सालपटांत एखादी आठळी सापडते का ते बघत राहिली. सापडली असती तर ती तिने लवंगीला वाटेत खायला दिली असती.

लवंगी झुबक्याला कातळावर घेऊन गेली.

"आणि तू? तू का भाजत राहिलास?"

"माई देत होती."

"माईने निखारा दिला असता तर?"

"भाजला असता," झुबक्या म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, "लवंगे, मला खरंच वाटलं, तो सोडेल. इतकं खाल्ल्यावर कुणी नाही म्हणतं का?"

लवंगीचा राग तिथेच बसला. कारण ऐलरानात कुणी म्हणत नाही. ज्याच्या घरी जेवलं त्याला नाही म्हणायला इथे जीभ उचलत नाही. पैलरानात जेवतात, हात पुसतात, मग नाही म्हणतात. वाईट नसतात ते. त्यांच्याकडे जेवण वेगळ्या फांदीवर असतं आणि नियम वेगळ्या.

"आणखी एक ऋतू," ती म्हणाली.

"मला नाही राहवत तुझ्याशिवाय," झुबक्या म्हणाला. एवढं लांब वाक्य तो कधी बोलत नसे.

लवंगी एकटी परत गेली. कासवांना भरवू लागली. एक म्हातारी कासवीण तिला म्हणाली, "पोरी, तुझं कुणी नाही का गं?"

"आहे. रेघेखाली आहे."

"अरेरे," कासवीण म्हणाली आणि तिने आ केला.

आता इकडे साळिंदरसाहेबांच्या घरी काय झालं ते ऐका. पुडकं उघडलं गेलं. वहिनींनी एक आठळी खाल्ली, पिल्लांनी बाकीच्या. दुसऱ्या दिवशी वहिनींनी साहेबांपुढे नेहमीची कच्ची, धुतलेली, मोजलेली आठळी ठेवली. साहेबांनी ती तोंडात फिरवली आणि ठेवून दिली. वहिनी म्हणाल्या, "त्या कालच्या कुठे मिळतात?" साहेब म्हणाले, "ऐलरानात." वहिनी म्हणाल्या, "मग?" त्या "मग"मध्ये बरंच काही होतं. ज्यांची लग्नं झालीत त्यांना कळेल.

काही दिवसांनी साहेब कासवांच्या तळ्यावर आले.

"तुमच्या त्या... भाजणाऱ्याला," साहेब म्हणाले, "पैलरानात काम आहे. माझ्याकडे. त्याला कामाचं पान देता येईल."

लवंगीने हातातलं कासव खाली ठेवलं. "आणि रास?"

"कामाच्या पानाला रास लागत नाही."

"म्हणजे तो नवरा म्हणून आला तर रानावर भार, आणि तुमच्या आठळ्या भाजायला आला तर नाही?"

"तेव्हा तो नुसता नवरा होता. आता उपयोगाचा आहे."

"नवरा उपयोगाचा नसतो?"

साहेबांनी थोडा वेळ स्वतःच्या घराचा विचार केला. "त्याबद्दल नियमात काही म्हटलेलं नाही," ते म्हणाले.

झुबक्या आला. पुलावर वटवाघळाने त्याचं पान उलटं धरून वाचलं, म्हणजे त्याच्या दृष्टीने सरळ. मग त्याला घ्यायला आलेल्या लवंगीला विचारलं, "हा तुमचा कोण? नवरा असेल तर रास दाखवावी लागेल."

"हा साहेबांचा भाजणारा."

"पण तुमचा कोण?"

"शेजारी," लवंगी म्हणाली.

आणि खरोखरच त्याला शेजारचं झाड मिळालं. दोन्ही झाडांच्या फांद्या एकमेकींत गेल्या होत्या. फांद्यांबद्दल नियम नव्हता.

दोघांची कमाई साठली. रास रेघेच्या वर गेली. लवंगी साहेबांकडे गेली आणि म्हणाली, "आता द्या जोडीदार-पान. मला शेजाऱ्याचा नवरा करून हवाय."

"अवश्य," साहेब म्हणाले. "फक्त त्या पानाचा अर्ज ऐलरानातून करावा लागतो. त्याला एक ऋतू तिकडे जाऊन राहावं लागेल." मग साहेबांचा चेहरा पडला. "म्हणजे मला एक ऋतू... नको. तुम्ही शेजारीच छान दिसता."

म्हणून ती दोघं पैलरानात आजही शेजारी आहेत. फार सुखाचे शेजारी.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण ऐलरानात म्हातारी मंडळी होती ना.

आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "मी तेव्हाच म्हटलं होतं, आधी चार घास. खाऊ घातलं म्हणूनच पोराचं कल्याण झालं!" कुणी विचारलं मुलगा काय करतो, की म्हणायचे, "मोठ्या साहेबांकडे असतो. साहेबांचा त्याच्यावाचून घास उतरत नाही." यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. लवंगीला सगळ्यात जास्त राग याचाच यायचा.

मग एक दिवस खंड्या पक्ष्याबरोबर माईचा निरोप आला.

"तुम्ही दोघं वेगवेगळ्या झाडांवर राहता असं कळलं. लोक काय म्हणतील? मी आणि आबा कायमचे तिकडे येतो. सगळं एका झाडावर आणते. कासवांचं काम तू सोडून दे. घरात लक्ष दे. मावशीही यायची म्हणते. वडीलधाऱ्यांच्या पानासाठी सरड्याकरवी अर्ज केला आहे. राशीसाठी आठळ्या पाठव."

झुबक्या म्हणाला, "माई देईल ते..."

"माहीत आहे. भाजशील," लवंगी म्हणाली.

लवंगीने आठळ्या पाठवल्या. उत्तम, टपोऱ्या, भरपूर. कुणी म्हणू नये सुनेने हात आखडला. वडीलधाऱ्यांच्या पानाची रेघ जास्तच वर होती, पण रास तिच्याही दोन बोटं वर गेली. माईने पुन्हा एक ऋतू राशीवर शेपटी पसरून काढला. या वेळी साल चावावी लागू नये म्हणून लवंगी दर पौर्णिमेला भाजलेलं पुडकं वेगळं पाठवत राहिली. ती दुष्ट नव्हती, बाळांनो. ती फक्त दूर राहणारी होती.

मोजणीचा दिवस ठरला. साहेब तेच, साळिंदर.

आदल्या दिवशी माई आणि आबांनी आपसात ठरवलं. "या वेळी चूक नको. आधी मोजणी. लवंगी म्हणाली होती ते बरोबरच होतं."

इतक्यात खंड्या आला. लवंगीचा निरोप होता.

"माई, आबा, मागच्या वेळी मी फार बोलले. या वेळी मध्ये बोलायला मी तिथे नाही. तुम्ही मोठे आहात. तुम्ही घालून दिलेली पद्धत माझ्यामुळे मोडू नका. साहेब लांबून येतील, दमलेले असतील. वहिनी आणि पिल्लांनाही तुमच्या ओटीची आठवण आहे."

माईचे डोळे भरून आले. तिने शेपटीच्या टोकाने ते पुसले. "सून सुधारली हो," ती म्हणाली.

"मी म्हणत नव्हतो?" आबा म्हणाले. "वेळ लागतो, पण कळतं."

आणि त्या दिवशी सकाळी पैलरानात साळिंदरसाहेब उपाशीपोटी पुलाकडे निघाले. वहिनी आणि पिल्लंही उपाशी होती. त्यांच्या भाजणाऱ्याने नेमकी त्याच सकाळी सुट्टी घेतली होती. शेजारणीने घ्यायला लावली होती.

साहेब ऐलरानात पोचले. हातात वेल होती. पोटात कावळे ओरडत होते. ओळीने उभ्या असलेल्या मंडळींना त्यांनी विचारलं, "रास कुठे आहे?"

आबांनी घसा साफ केला.

तात्पर्य (आता मांडी सोडली तरी चालेल): वडीलधाऱ्यांनी घालून दिलेल्या चालीरीती कधीही मोडू नयेत. त्या कुणाच्या मोजणीच्या वेळी आपल्या कामाला येतील, सांगता येत नाही.